काळ्या कागदातलं कुटुंब

सुजाता, तुझ्या अंत्यविधीला इतकी माणसं आली की मला तुझा हेवा वाटला.

लिहिताना लाज वाटतेय, पण आता तुझ्याशी तरी खोटं कशाला बोलू? तुमच्या रीडिंग गावच्या क्रेमेटोरियममध्ये बसायला जागा उरली नव्हती. तुझी ऑफिसातली अख्खी टीम भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्यातला तो उंच, गोरा मॅनेजर, ज्याच्या नकला करून तू आम्हाला हसवायचीस, तो रुमालात तोंड घालून रडत होता. त्रिशरण सुरू झालं तेव्हा अर्ध्या लोकांना शब्द येत नव्हते, तरी सगळ्यांचे ओठ हलत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. तू समोर पेटीत निजलेली, आणि मी मान वळवून वळवून माणसांकडे बघत होते. माझ्या वेळी एवढे येतील का, हा विचार मनात येऊन गेला. येऊन गेला असं तरी का म्हणू? तो विचार विधी संपेपर्यंत तिथेच बसून होता.

आज तुला जाऊन तीन आठवडे झाले.

लोक मला विचारतात, तुमची मैत्री कशी झाली? मी सांगते, जयंतीच्या कार्यक्रमात. कॉव्हेंट्रीच्या आपल्या सेंटरमध्ये मी दरवर्षी दाराजवळ टेबल मांडायचे. लहान मुलांना स्टुलावर बसवायचं, चेहरा एका बाजूला वळवायला सांगायचं, आणि काळ्या कागदातून त्यांचं नाक, कपाळ, हनुवटी कापून पांढऱ्या कार्डावर चिकटवून द्यायचं. सावलीचित्र. पुण्याला आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या सगळ्यातलं एवढंच माझ्याकडे उरलं होतं. बाकी दिवसभर मी लायब्ररीत लोकांची पुस्तकं स्कॅन करायचे.

त्या वर्षी तू तुझ्या लेकीला, मैत्रीला घेऊन आलीस. ती सहा-सात वर्षांची असेल. तिचं चित्र झालं, पुढचं मूल बसलं, त्याच्या पुढचं बसलं, आणि तू तिथून हललीच नाहीस. शेवटी म्हणालीस, "जयभीम ताई. मी करून पाहू का एक? कागद वाया गेला तर मी दुसरा आणून देईन ना बाप्पा."

तुझ्या नागपुरी बोलण्याचं मला हसू आलं. मी कात्री दिली. तू कागद धरून कात्री फिरवायला लागलीस. मी म्हटलं, "अगं, कात्री हलवायची नसते. ती एका जागी धरायची आणि कागद फिरवायचा." तू मान डोलावलीस आणि माझा चेहरा कापलास. ओबडधोबड होता. माझं नाक आहे त्याच्यापेक्षा मोठं झालं होतं. मी म्हटलं, "पहिल्या प्रयत्नाला छान आहे." तेव्हा मला ते म्हणताना काही त्रास झाला नव्हता. तू अजून कुणी नव्हतीस.

त्याच दिवशी मी तुला डॉक्टरकाका आणि नलिनीकाकूंकडे नेलं. मीच नेलं, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं, दर वेळी दात खाऊन.

काकांनी चाळीसेक वर्षं कॉव्हेंट्रीत जीपी म्हणून काढली. रिटायर झाल्यावर घराच्या खालच्या मजल्यावरची त्यांची सर्जरी, म्हणजे त्यांचा दवाखाना, रिकामी झाली. दुसऱ्या कुणी ती भाड्यानं दिली असती. काका-काकूंनी तिथली तपासायची खाट काढली, मोठी टेबलं टाकली, आणि ज्याला काही करायचंय त्याला किल्ली दिली. कुणी तबला शिकवायला यायचं, कुणी पोस्टर रंगवायला. भीमगीतांच्या ग्रुपची तालीम तिथेच. हॉलचं भाडं, वाद्यं, फ्रेमा, छपाई, काही अडलं की काकू फक्त विचारायच्या, "काय लागतंय?" आणि ते यायचं. त्यांचा अमोल लंडनला वकिली करतो आणि शीतल एडिनबराला हॉस्पिटलमध्ये आहे. दोघंही घरी आली की याच कामाला जुंपली जायची. त्या जागेला सगळे अजून सर्जरीच म्हणतात. आमच्यातल्या कितीतरी जणांना "तुम्ही कलाकार आहात" असं पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते त्या कुटुंबानं.

मला काकांनी म्हटलं होतं. तुझ्या आधी सहा वर्षं, शनिवारी दुपारी त्यांच्या टेबलावर काकांच्या उजव्या हाताची खुर्ची माझी असायची. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी बसायचे, एवढंच.

मग तू दर शनिवारी रीडिंगहून ट्रेननं यायला लागलीस. हळूहळू असं झालं की मी आत आले की काकू विचारायच्या, "सुजाता निघाली का गं?" मी नुकती दारातून आलेली, कोटसुद्धा अंगावरच, आणि चौकशी तुझी.

तुझी प्रगती मी बघत होते. शिकवणाऱ्याला आधी कळतं. तू आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचीस आणि शनिवारी स्वतःच्या. कापलेला कागद खिडकीला धरून बघायचीस आणि मला विचारायच्या आधीच म्हणायचीस, "इथं मान मेली." दुसऱ्या वर्षी तू चेहरे सोडून आख्खी माणसं कापायला लागलीस. पाठमोरी, वाकलेली, पिशव्या घेऊन बसची वाट बघणारी. मी म्हटलं, "सावलीचित्रात चेहरा बाजूनं असतो, ती परंपरा आहे." तू म्हणालीस, "काहून? माणूस पाठीवरून ओळखू येत नाही का?"

येतो. मला माहीत होतं येतो. मी विषय बदलला.

मग काका-काकूंच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. सेंटरच्या लोकांनी ठरवलं की नव्या हॉलमध्ये त्या कुटुंबाचं एक चित्र लावायचं. हे कानावर आल्या आल्या मी कुणी न विचारता कामाला लागले. चौघांचे चेहरे कापले, काका, काकू, अमोल, शीतल, ओळीनं, सगळे उजवीकडे बघताहेत. सोनेरी कडेच्या फ्रेममध्ये बसवले आणि काकूंच्या हातात दिले. काकूंनी छातीशी धरलं, "किती कष्ट घेतलेस गं," म्हणाल्या. शीतल सुट्टीला आली होती, ती माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "वैशालीताई, इट्स लव्हली. आम्ही स्टॅम्पवरचे लोक दिसतोय." तिनं प्रेमानंच म्हटलं होतं.

ते चित्र वरच्या बेडरूमच्या भिंतीवर गेलं. हॉलचं चित्र त्यांनी तुला करायला सांगितलं.

ते मला सांगितलंस तू, आणि कसं सांगितलंस ते आठवतंय? सर्जरीच्या मागच्या छोट्या किचनमध्ये आपण कप विसळत होतो. तू म्हणालीस, "मला नाही करायचं हे."

मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतेयस. क्षणभर तुझ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं!

"का?" मी विचारलं.

"देणाऱ्याचं चित्र कशाला लावायचं? आपल्याकडे गावात बघ, पंखा दिला की तिन्ही पात्यांवर नाव. बरं आहे, फिरायला लागला की वाचता येत नाही."

मला राग आला. "उपकाराची जाणीव नको का ठेवायला?"

"जाणीव ठेवू ना. जयजयकार काहून करायचा? काकांनी दिलं ते आपण खालचे म्हणून नाही दिलं. आपण त्यांना भिंतीवर वर चढवलं की आपण आपोआप खाली उभे राहतो."

"मग नाही म्हण त्यांना."

तू नळ बंद केलास. कप पुसत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "नाही म्हणवत नाही. मला करायचंय गं. मला भीती वाटते एवढंच."

तो वाद आपण पूर्ण केला नाही. पुढेही कधी नाही. देणाऱ्याची आठवण ठेवावी की त्याला आपल्यातलाच एक मानून विसरून जावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी वाद घालत नव्हतेच. मी मनात एकच गोष्ट घोकत होते: हिला नको आहे, तरी हिला मिळालंय.

आणि वर तू मला दिवा धरायला बोलावलंस. माणसाची सावली कागदावर पाडायला दिवा एका उंचीवर, न हलता धरावा लागतो. "तुझा हात स्थिर आहे, वैशाली." चार शनिवार मी त्या घराच्या जेवणाच्या खोलीत, पडदे ओढून, दिवा धरून उभी राहिले. ते चौघं जेवायला बसलेले, आणि तू जमिनीवर मांडी घालून त्यांच्या सावल्या गिरवत होतीस. काकू दर दोन मिनिटांनी दाराकडे मान वळवायच्या. मी म्हटलं, "काकू, जरा स्थिर बसा ना." तू म्हणालीस, "नाही नाही, त्यांना बघू दे. त्या तशाच आहेत. पुढचं कोण येतंय ते बघत असतात."

हॉलच्या उद्घाटनाला पडदा बाजूला झाला.

एकच मोठा काळा कागद. कुठे जोड नाही, कुठे डिंक नाही. चौघं टेबलाभोवती. अमोल हातावर डोकं टेकवून. शीतलचं तोंड उघडं, काहीतरी ठासून सांगतेय. काकूंची मान दाराकडे. आणि काका उभे, थोडे वाकलेले, हातातला जग तिरका धरून समोरच्या रिकाम्या ग्लासात पाणी ओततायत. पाण्याची धार केसाएवढी बारीक, आणि तीही त्याच कागदातून सोडलेली. कात्री एकदा घसरली असती तर आख्खं कुटुंब गेलं असतं.

पाणी वाढणारा माणूस. आपल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी उभी होती, व्हीलचेअरवरून उठून. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि हात जोडले.

तू केलेलं ते चित्र माझ्या चित्रापेक्षा चांगलं होतं. नुसतं चांगलं नव्हे. मी आणखी वीस वर्षं बसले असते तरी मला ते सुचलं नसतं. हे मला पडदा सरकताक्षणी कळलं. तू गर्दीतून माझ्याकडे आलीस, हात घामानं ओले, आणि विचारलंस, "कसं झालंय?" मी म्हटलं, "फ्रेम जरा जाड घेतली का?"

तुझा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

आता पुढचं. ज्यासाठी मी लिहायला बसलेय, ते.

एडिनबराला एका जुन्या छापखान्यात कलाकारांचा स्टुडिओ आहे. शीतल त्यांच्या कमिटीवर, आणि काका-काकूंचा छोटा ट्रस्ट दरवर्षी एका कलाकाराला सहा महिने तिथे राहून काम करायला पाठवतो, हे तुला माहीत होतं. मलाही. त्या वर्षी वसंतात तुला सोडायला मी स्टेशनवर आले होते. ट्रेन यायला वेळ होता. तू म्हणालीस, "मला बोलावतील का गं एडिनबराला? हसू नको. मी मिलिंदशी बोलून ठेवलंय. तो म्हणतो, जा, मी आणि मैत्री बघू आमचं. ऑफिसातही विचारलं, अनपेड लीव्ह देतो म्हणाले." तू हे सांगताना प्लॅटफॉर्मवर एका जागी उभी राहू शकत नव्हतीस.

दोन आठवड्यांनी काकूंनी मला घरी बोलावलं. मेथी निवडत बसल्या होत्या. मीही एक जुडी ओढून घेतली.

"वैशाली, शीतल म्हणते या वर्षी सुजाताचं नाव द्यायचं. तू तिला शिकवलंस, तू तिला जवळून ओळखतेस. झेपेल का तिला?"

मी पानं खुडत राहिले. मग म्हणाले, "काकू, मैत्रीचं सेकंडरी स्कूल आत्ताच सुरू झालंय. सुजाताची नोकरी अशी, सहा महिने कोण सोडणार? तुम्ही विचारलंत तर तुमच्या शब्दाखातर ती हो म्हणेल, आणि घरात ओढाताण होईल. आणि कामही अजून जरा कच्चं आहे तिचं. या वर्षी राहू द्या."

एकेक वाक्य काळजीचं वाटावं असं. आईनं बोलावं तसं मी बोलले. तुला रजा मिळालीय हे मला माहीत होतं. मिलिंद हो म्हणालाय हे मला माहीत होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "तुला खात्री आहे ना?" मी म्हटलं, "हो."

तुझ्याऐवजी ग्लासगोची एक कुंभारकाम करणारी बाई गेली. ते कळल्यावर तू मला फोन केलास. तू रडली नाहीस, तक्रारही केली नाहीस. म्हणालीस, "माझं काहीतरी कमी पडतंय. काय कमी पडतंय ते तू सांग. बाकीचे तोंडावर सांगणार नाहीत."

त्या क्षणी मी खरं बोलू शकले असते. मी लायब्ररीच्या स्टाफरूममध्ये होते, किटलीत पाणी उकळत होतं, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "हात. तुझ्या माणसांचे हात जड होतात. जिवंत वाटत नाहीत."

तुझ्या माणसांच्या हातांना काहीच झालेलं नव्हतं, सुजाता. मी समोरच्या नोटीसबोर्डाकडे बघत जे पहिलं सुचलं ते बोलले.

मग तू शनिवारी यायचं कमी केलंस. काकू विचारायच्या, मी सांगायचे, बिझी आहे. काकांच्या उजवीकडची खुर्ची परत माझी झाली. काका आमटी वाढून घेताना तुझ्या आठवणी सांगायचे आणि मी ऐकायचे.

पुढच्या हिवाळ्यात तुझं दुखणं निघालं. मी येत राहिले, ते तुला माहीत आहे. हॉस्पिटलमध्ये तू दर वेळी मला खुर्ची जवळ ओढायला लावायचीस. शेवटच्या महिन्यात एकदा म्हणालीस, "सगळे येतात आणि छान छान बोलतात. किती छान दिसतेस, लवकर बरी होशील. तू नाही बोलत तसं. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तू आलीस की बरं वाटतं."

मी संत्रं सोलत होते. सोलत राहिले. साल एका तुकड्यात निघावी म्हणून जणू माझा जीव टांगणीला लागला होता. तू तोवर डोळे मिटलेस. मी फोडी झाकून ठेवल्या आणि निघाले. लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईनं मला टिश्यू दिला. तिला वाटलं मी दुःखानं रडतेय. तेही होतं. पण तेवढंच नव्हतं.

तू गेल्यावर आठ दिवसांनी मिलिंदचा फोन आला. "वैशालीताई, तिचे कागद घेऊन जा. मला त्यातलं काही कळत नाही, आणि टाकवत नाही." मी रीडिंगला गेले. मैत्रीनं दार उघडलं. ती आता तुझ्याएवढी उंच झालीय. तिच्या त्या मराठीत म्हणाली, "मावशी, आईचा बॉक्स वर ठेवला आहे. आई तुमचं खूप गोष्टी सांगायचा." मला तिला जवळ घेणंही जमलं नाही.

बॉक्समध्ये माणसं नव्हती. हात होते. काळ्या कागदाचे, एकेक सुटे. मूठ मिटलेले, बोटं पसरलेले, पोळी लाटणारे, बटण लावणारे, फोन कानाशी धरलेले, दुसऱ्याचा हात धरलेले. थरच्या थर. मधे टिश्यू पेपर घालून नीट लावलेले. सगळ्यात वरच्या हाताला सलाइनची नळी होती.

मी ते डायनिंग टेबलावर मांडत गेले आणि मिलिंद समोर बसून बघत होता. अर्ध्यातच माझं मला आवरेना. मी त्याला सगळं सांगितलं. काकूंना काय म्हणाले ते, फोनवर तुला काय म्हणाले ते.

त्यानं टेबलावरचा एक कागदी हात उचलून परत जागेवर ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या त्या फोननंतर तीन महिने तिनं कात्री हातात घेतली नव्हती. मी म्हणायचो, त्या बाईचं एवढं काय मनाला लावून घेतेस? ती म्हणायची, ती माझी टीचर आहे, तिला दिसतं."

"मिलिंद, मला माफ..."

"मला काय सांगता?" तो उठला. आवाज चढवला नाही त्यानं. "तिला सांगा."

म्हणून हे तुला.

आधी मी ठरवलं होतं की परवाच्या शनिवारी, सेंटरमध्ये तुझ्या आठवणीसाठी सगळे जमणार होते तेव्हा, हे जसंच्या तसं वाचून दाखवायचं. काकूंनी मला बोलायला सांगितलं होतं. मी चार पानं लिहून काढली. पाठही केली. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा होईल, तेही ठरलं. आरशासमोर वाचताना माझ्या लक्षात आलं की मला ते आवडायला लागलंय. हॉलमध्ये सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होईल, मग कुणी रागावेल, कुणी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवेल, आणि घरी जाताना गाड्यांमध्ये सगळे माझ्याबद्दल बोलतील. तुझा तो एक दिवससुद्धा मीच घेऊन जाणार होते.

मी पानं फाडली. शनिवारी सकाळी लवकर काकूंकडे गेले आणि त्यांना एकटीला सांगितलं.

काकूंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मी तुला का विचारलं, माहितेय? शीतलला थेट सुजाताला विचारता आलं असतं. मीच म्हटलं, आधी वैशालीला विचारते." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तू नाही म्हणशील असं मला वाटलंच होतं. तुम्हा दोघींमधलं काय मला दिसत नव्हतं? ती गेली असती तर माझे शनिवार सुने झाले असते. माझी पोरं लांब, ती एक यायची. तू नाही म्हणालीस आणि मला हायसं वाटलं, बाई. आणि पाप तुझ्या माथी गेलं."

मला वाटलं होतं त्या मला घराबाहेर काढतील. ते सोपं झालं असतं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. इतकी वर्षं लोकांना देत आलेली ही बाई, तिनंही तुझ्याकडून घेतलंच होतं, आणि मला त्यातही, ऐक, त्यातही हेवा वाटला, की तू कुणाला एवढी हवी होतीस.

"आता काय करायचं, काकू?"

"तुझं तू बघ. मी शीतलशी बोलते. ते हात एडिनबराला जायला हवेत. मिलिंद हो म्हणाला तर." त्या उठल्या, काकांचा स्वेटर शोधायला लागल्या. दारातून वळून म्हणाल्या, "तू मला लगेच माफ करू नकोस. मीही नाही करणार तुला."

मिलिंद हो म्हणाला. पुढच्या महिन्यात तुझे हात त्या छापखान्याच्या भिंतींवर लागतील. मैत्रीला आणि त्याला शीतलनं बोलावलंय. मला नाही, आणि ते बरोबर आहे. मिलिंद माझा फोन उचलतो, पण कामापुरतं बोलतो.

त्या शनिवारी दुपारी हॉल भरला. पुन्हा तीच गर्दी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवर न जाता तुझ्या चित्रापाशी जाऊन उभी राहिले. माइक खेचून आणावा लागला. काका पहिल्या रांगेत होते, काकू त्यांच्या शेजारी, खाली बघत. मिलिंद आणि मैत्री कडेला.

मी सांगितलं की हे चित्र सुजातानं एका अखंड कागदातून कापलंय. काकूंची मान का वळलीय ते सांगितलं. पाण्याच्या त्या धारेची सावली गिरवायला तिला अख्खी दुपार लागली, आणि तेवढा वेळ ती श्वास रोखून बसली होती, मी दिवा धरून उभी होते म्हणून मला माहीत आहे, हेही सांगितलं. काकांचा हात बघा म्हटलं. पाण्याच्या जगच्या कानात चार बोटं कशी अडकलीयत, अंगठा वर कसा टेकलाय, म्हाताऱ्या माणसाचा हात भरलेला जग धरताना किंचित थरथरतो तो थरथराट कागदात कसा आलाय. असे हात कापणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

मिलिंदनं तेवढ्यापुरतं वर पाहिलं.

"मी सुजाताला कात्री धरायला शिकवलं," मी म्हटलं. "हे चित्र मला जमलं नसतं."

आणि बसले. पाच मिनिटं बोलले असेन तुझ्याबद्दल, सुजाता. एकदाही 'पण' म्हणाले नाही.